द्वारका ते बिटको : ब्लूटूथने मोजलेला प्रवासाचा वेळ

द्वारकेवरून नाशिक रोडला जायला किती वेळ लागतो, हे कोणत्याही नाशिककराला विचारा. उत्तर ठरलेलं असतं : "रस्ता मोकळा असेल तर पंधरा-वीस मिनिटं, नाहीतर काही सांगता येत नाही." यातला पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे. पण ज्याला स्टेशनवर गाडी पकडायची आहे, नोटांच्या प्रेसमध्ये पाळीवर हजर व्हायचं आहे किंवा नाशिक रोडहून पेशंट घेऊन सिव्हिलला पोचायचं आहे, त्याचं सगळं दुसऱ्या भागावर अडलेलं असतं. आम्ही मोजायला घेतला तो हा दुसरा भाग, 'सांगता येत नाही' म्हणजे नेमकं किती.

मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वाहतूक हा विषय शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या एका गटाने हा रस्ता प्रकल्पासाठी निवडला. पद्धत कशी उभी राहिली, कुठे अडली आणि तिच्यावर किती विश्वास ठेवावा, हे सविस्तर लिहून ठेवतो आहे. आपल्याकडे एखादा चौक सुधारला की "आता बराच फरक पडलाय" इतक्यावर विषय संपतो. फरक कोणाला पडला आणि किती, याचा आकडा कोणाच्याच हातात नसतो. मला ही उणीव फार खुपते.

रस्ता असा. द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग भेटतात. डोक्यावरून उड्डाणपूल जातो. खाली मुंबई नाका, आडगाव नाका, सारडा सर्कल आणि नाशिक रोड अशा चारही बाजूंची वाहनं एकमेकांत घुसतात. तिथून पुणे रस्त्याने काठे गल्ली, फेम सिग्नल, उपनगर, दत्त मंदिर आणि मग नाशिक रोडचा बिटको चौक. सहा-सात किलोमीटरचा हा पट्टा. यावर सिटीलिंकच्या बस आहेत, एसटी आहे, शेअर रिक्षा आहेत, सिन्नरकडून येणारे ट्रक आहेत, आणि सगळ्यांत जास्त आहेत दुचाकी.

असा पट्टा मोजायच्या जुन्या पद्धती दोन. पहिलीत आपणच गाडी घेऊन फिरायचं आणि वेळ टिपायची. तिचं शास्त्रशुद्ध रूप वॉर्ड्रॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी १९५४ मध्ये मांडलं. चालत्या गाडीतून समोरून येणारी, आपल्याला ओलांडणारी आणि आपण ओलांडलेली वाहनं मोजायची आणि त्यावरून प्रवाह व सरासरी वेळ काढायची. पद्धत सुंदर आहे, आजही शिकवतो. पण दिवसभरात तुमच्या गाडीच्या होऊन होऊन किती फेऱ्या होणार? दुसरी पद्धत नंबरप्लेटची. दोन टोकांना दोन माणसं उभी राहतात, प्लेटचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहितात, संध्याकाळी दोन्ही याद्या जुळवतात. यात माणसं लागतात, ऊन लागतं आणि अंधार पडला की काम थांबतं. चौकात उभं राहून वाहनं मोजली तर त्या बिंदूवरून किती गेली एवढंच कळतं. ती पुढे कुठे अडकली ते कळत नाही.

ब्लूटूथची कल्पना नंबरप्लेटच्याच वाटेने जाते, फक्त प्लेटच्या जागी यंत्राचा पत्ता वाचते. ब्लूटूथ असलेल्या प्रत्येक उपकरणाला ४८ बिटांचा, म्हणजे शून्य-एक अशा ४८ अंकांचा पत्ता असतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. त्यातले पहिले २४ बिट कंपनीचे, उरलेले २४ त्या नगाचे. रस्त्याकडेच्या डब्यातला रिसीव्हर ठरावीक काळाने हाक मारतो, 'आसपास कोण आहे?' जे उपकरण 'दिसू शकेल' अशा अवस्थेत असतं ते पत्ता आणि स्वतःचा प्रकार कळवतं. द्वारकेला एक पत्ता ९ वाजून ५ मिनिटांनी दिसला आणि तोच बिटकोला ९ वाजून २३ मिनिटांनी दिसला, तर त्या वाहनाला १८ मिनिटं लागली. आधी कुठे दिसला त्यावरून दिशाही कळते. गाडी कोणाची, आत कोण, फोन नंबर काय, यातलं काहीही त्या उत्तरात नसतं.

अमेरिकेत पर्ड्यू आणि मेरीलँड या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २००८च्या सुमारास ही पद्धत रस्त्यावर उतरवली. मेरीलँडचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरची राज्यं आय-९५ महामार्गावरच्या प्रवासवेळा खासगी कंपनीकडून विकत घेत होती आणि त्या खऱ्या आहेत का, हे तपासायला ब्लूटूथचे डबे लावले गेले. दुसऱ्याने दिलेला आकडा पडताळण्याचं माप म्हणून या पद्धतीची खरी किंमत आहे. आपल्याला मोबाइलच्या नकाशावर मिनिटं दिसतात, रोज उपयोगी पडतात. पण त्यामागे किती वाहनं होती, त्यांच्या वेळा किती विखुरलेल्या होत्या, हे तो नकाशा शहराला सांगत नाही.

आमच्या डब्यात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, बाहेरची अँटेना लावलेला ब्लूटूथ अॅडॅप्टर, पॉवर बँक आणि इंटरनेटसाठी डोंगल होतं. जागा तीन : द्वारका, उपनगर आणि बिटको. मधला डबा मुद्दाम ठेवला. दोनच टोकं असतील तर उशीर झाला एवढं कळतं, तो कोणत्या निम्म्यात झाला ते कळत नाही. शिवाय मध्ये न दिसता दुसऱ्या टोकाला पोचलेलं वाहन बहुधा आतल्या रस्त्यांनी गेलेलं असतं. ते वेगळं काढता येतं.

डबा सरकारी खांबावर लावायचा नाही, संमती देणाऱ्या दुकानातच ठेवायचा, असं आधीच ठरवलं होतं. एका मेडिकलवाल्या काकांकडे विद्यार्थिनी गेली. "काका, एक डबा ठेवायचाय तुमच्याकडे, थोडे दिवस. वीज फार लागत नाही."

काकांनी डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "विजेचं सोड. माझ्या गिऱ्हाइकांचे फोन वाचतो का हा?"

"नाही काका. नाव, नंबर, मेसेज काही नाही येत यात. फक्त यंत्राचा क्रमांक."

"मग त्या क्रमांकावरून माणूस सापडत नाही?"

हा प्रश्न मी परीक्षेतही विचारला नसता इतका नेमका होता, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर 'नाही' असं सरळ देता येत नाही. एकच पत्ता रोज सकाळी आठला उपनगरला आणि संध्याकाळी सातला पुन्हा तिथेच दिसत असेल, तर त्या माणसाचा दिनक्रम तुमच्या फाइलीत आला. नाव नसलं म्हणून काय झालं? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. पण कायदा नसता तरी काकांना उत्तर देणं भागच होतं.

पुष्कळ ठिकाणी यावर उपाय म्हणून पत्त्याचं हॅश करतात, म्हणजे गणिती प्रक्रियेने त्याची ओळखू न येणारी खूण बनवतात, आणि 'माहिती निनावी आहे' असं जाहीर करतात. ते पुरेसं नाही. ४८ बिटांचे सगळे मिळून सुमारे २८१ लाख कोटी पत्ते होतात हे खरं. पण कंपनीचा अर्धा भाग माहीत असेल तर उरतात फक्त १ कोटी ६७ लाखांच्या आसपास शक्यता. साधा संगणक त्या सगळ्यांचे हॅश बघता बघता काढून मूळ पत्ता शोधून देतो. म्हणून आम्ही पत्त्यात रोज बदलणारी गुप्त अक्षरमाला मिसळून मग हॅश करत होतो. ती अक्षरमाला तिन्ही डब्यांत दिवसापुरती सारखी असायची आणि रात्री पुसली जायची. त्यामुळे सोमवारचं वाहन मंगळवारी ओळखताच येत नव्हतं, आम्हालासुद्धा. मूळ पत्ता डब्यातल्या मेमरी कार्डावर लिहिलाच जात नव्हता. जोड्या लागल्या की खुणाही काढून टाकायच्या आणि फक्त दिशा, वेळ आणि लागलेली मिनिटं ठेवायची. हे सगळं विद्यार्थिनीने काकांना कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी तो कागद काउंटरच्या काचेखाली ठेवला, कोणी विचारलं तर दाखवायला.

आता मोजणीकडे. ब्लूटूथची हाक एका क्षणात पुरी होत नाही. जुन्या, म्हणजे क्लासिक ब्लूटूथमध्ये शोधाच्या ३२ वारंवारता असतात, १६-१६च्या दोन गटांत, आणि पूर्ण शोधाला १०.२४ सेकंद धरतात. अँटेनाचा पल्ला दोन्ही बाजूंना १०० मीटर धरला तर वाहन २०० मीटर आपल्या टप्प्यात असतं. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी त्या दहा सेकंदांत सुमारे १४२ मीटर जाते, म्हणजे सापडायला वाव आहे. ताशी ८०ला ती सुमारे २२८ मीटर जाते, म्हणजे शोध पुरा होण्याआधीच हातची निसटू शकते. गर्दीत वाहनं हळू असतात, म्हणून जास्त सापडतात. कोंडीच्या अभ्यासाला हे सोयीचं आहे. पण दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकत्र करून एकच आकडा काढला, तर कोंडीतल्या वाहनांचं वजन आपोआप वाढतं. म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवायचा.

द्वारकेला एक खास अडचण होती, आणि ती या चौकाचीच. अँटेनाला वर-खाली कळत नाही. उड्डाणपुलावरून धुळ्याकडे निघालेल्या गाड्याही खालच्या डब्यात नोंदल्या जात होत्या. त्या बिटकोला जातच नाहीत, त्यामुळे जोडी लागत नाही आणि वेळेच्या आकड्याला धक्का बसत नाही. पण द्वारकेला दिसलेल्यांपैकी किती बिटकोला पोचले, हे गुणोत्तर मात्र निरुपयोगी होतं. ते आम्ही वापरलंच नाही.

त्याहून अवघड प्रश्न रांगेचा. सिग्नलला थांबलेली गाडी डब्याच्या टप्प्यात बराच वेळ असते आणि अनेकदा नोंदली जाते. मग द्वारका गाठल्याची वेळ कोणती धरायची, पहिल्या नोंदीची की शेवटच्या? नाशिक रोडहून येताना पहिली धरली तर चौकातली रखडपट्टी हिशेबातून गळते, शेवटची धरली तर ती मोजली जाते. चौकाची सुधारणा तपासायची असेल तर हाच भाग कळीचा. आम्ही दोन्ही टोकांना शेवटची नोंद धरली, म्हणजे टप्पा ओलांडून ते टप्पा ओलांडून. टप्प्याच्या २०० मीटरांत नोंद नेमकी कुठे झाली ते कळत नाही, पण संपूर्ण पट्ट्यावर ही चूकभूल खपून जाते. ताशी २० किलोमीटरने सहा किलोमीटरला १८ मिनिटं लागतात आणि २०० मीटरला ३६ सेकंद. पण कोणी याच डब्यांनी काठे गल्ली ते द्वारका एवढाच तुकडा मोजू म्हणेल तर ऐकू नये. अर्ध्या किलोमीटरला त्याच वेगाने दीड मिनिट लागतं, त्यात ३६ सेकंदांची अनिश्चितता म्हणजे मोजलंच नाही.

घड्याळाचा प्रसंग विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त शिकवून गेला. आम्ही वापरलेल्या रास्पबेरी पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वेळ इंटरनेटवरून घ्यावी लागते. एका रात्री उपनगरची वीज गेली, पॉवर बँक संपली आणि सकाळी डबा सुरू झाला तेव्हा नेट नव्हतं. घड्याळ मागे राहिलं. नोंदी मात्र नेहमीसारख्या येत होत्या, त्यामुळे डब्याकडे बघून काहीच कळलं नसतं. आकड्यांत कळलं. द्वारकेहून उपनगरला येणारे आणि बिटकोहून उपनगरला येणारे, दोघांचाही वेळ एकदम कमी झाला होता. उपनगरहून दोन्हीकडे निघणाऱ्यांचा वेळ नेमका तेवढाच वाढला होता. द्वारका ते बिटको पूर्ण वेळ जशीच्या तशी. खरी कोंडी असं कधीच वागत नाही. मधलं घड्याळ जितकं मागे तितकी मिनिटं येणाऱ्यांना कमी आणि जाणाऱ्यांना जास्त लागल्यासारखी दिसतात. ही सममिती एका मुलाने फळ्यावर मांडून दाखवली, आणि तेव्हापासून रोजच्या तपासणीत दोन्ही दिशांची बेरीज आणि वजाबाकी पाहायचा नियमच झाला.

मग येतात थांबणारी माणसं. समजा एका पंधरा मिनिटांत दहा वाहनं जुळली आणि त्यांचे वेळ आले १४, १५, १५, १६, १७, १८, १९, २२, २६ आणि ४८ मिनिटं. सरासरी २१ येते, पण दहापैकी सात जण त्याहून कमी वेळात पोचलेत. ४८वाला बहुधा उपनगरला चहाला थांबला. मध्यक, म्हणजे वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, साडेसतरा येतो आणि त्या चहाने फारसा हलत नाही. ४८ काढून टाकला तर सरासरी १८वर येते, मध्यक १७वर. पण २६चं काय करायचं? तो थांबला होता की अडकला होता? एकट्या आकड्याकडे बघून हे ठरत नाही, शेजाऱ्यांकडे बघावं लागतं. कोंडी आली की त्या वेळच्या सगळ्यांचाच वेळ वाढतो. थांबणारा एकटा वेगळा पडतो. म्हणून गाळणी ठरावीक मिनिटांची न लावता त्या वेळच्या मध्यकापासून किती दूर, अशी लावली. अर्ध्या तासावरचं सगळं सरसकट काढून टाकणारी गाळणी लावली, तर ज्या संध्याकाळी खरोखर पाऊण तास लागला तीच संध्याकाळ कागदावरून नाहीशी होते. लोकांची सगळ्यात मोठी तक्रार आपल्याच हाताने पुसण्यासारखं आहे ते.

या पद्धतीतून मध्यकापेक्षा मोलाची गोष्ट मिळते ती पसाऱ्याची. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना किती वेळ पुरला, तो आकडा. गाडी पकडणाऱ्याने हाताशी ठेवायचा वेळ तोच. आमच्या नोंदींत संध्याकाळी मध्यक वाढतो त्यापेक्षा हा आकडा जास्त वाढत होता, म्हणजे रस्ता हळू तर होतोच, बेभरवशाचाही होतो. आणि शहराकडे येताना हा बेभरवसा उपनगर ते द्वारका या निम्म्यात जास्त साठलेला होता. सिग्नलच्या वेळा बदलल्या, वळण बंद केलं, रिक्षाथांबा हलवला, तर परिणाम याच आकड्यात शोधला पाहिजे. मध्यक अर्ध्या मिनिटाने कमी झाला म्हणून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही.

पण हे आकडे कोणाचे? इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आजचा फोन आपलं ब्लूटूथ दाखवत हिंडत नाही. ब्लूटूथची सेटिंग उघडी असेल तेवढ्यापुरताच तो सहसा दिसतो. २०१० मध्ये आलेल्या लो एनर्जी प्रकारात पत्ता साधारण दर पंधरा मिनिटांनी बदलायची सोय आहे. खासगीपणासाठी ते उत्तम, पण द्वारकेचा पत्ता बिटकोला पोचेपर्यंत बदललेला असतो. मग उरतात कोण? मोटारींमधल्या म्युझिक सिस्टिम, हँड्सफ्री आणि रिक्षांमधले ब्लूटूथ स्पीकर. उपकरण स्वतःचा प्रकार कळवतं त्यावरून हे दिसतंच. रिक्षा तर दिवसभर त्याच रस्त्यावर ये-जा करतात आणि प्रवाशासाठी थांबत जातात. दिवसापुरती खूण तीच राहत असल्याने एकच रिक्षा पुन्हापुन्हा जुळते आणि तिचं मत अनेकदा मोजलं जातं. बसमध्ये दोन-तीन उपकरणं दिसणारी निघाली तर एक बस तीन वाहनं होऊन बसते. म्हणून काही सेकंदांच्या आगेमागे तिन्ही ठिकाणी एकत्र दिसलेल्या खुणा एक वाहन म्हणून धरल्या आणि रिक्षांचा हिशेब वेगळा केला.

तरीही दुचाकीस्वार बहुतेक बाहेरच राहिले. रांगेच्या फटीतून पुढे सरकणाऱ्या दुचाकीचा वेळ मोटारीपेक्षा वेगळा असतो. शहरात सगळ्यात जास्त असलेलं वाहन मोजणीत सगळ्यात कमी, असा हा उलटा हिशेब आहे. एखाद्या चौकात डावं वळण रुंद करून मोटारींचा वेळ वाचला आणि दुचाकींना रस्ता ओलांडणं कठीण झालं, तर आमचे डबे सुधारणा झाल्याचंच सांगतील. टोलनाक्यांवरच्या फास्टॅगचे आकडे वापरा, असंही कोणी सुचवतं. पण फास्टॅग दुचाकीला नसतोच. उणीव तीच राहते.

२०२७च्या सिंहस्थाच्या पर्वण्या डोळ्यांसमोर ठेवून हे डबे शहरभर लावावेत, असं विद्यार्थ्यांच्या सादरीकरणानंतर एकाने सुचवलं. महामार्गांवर जरूर लावावेत, बाहेरच्या वाहनतळांपर्यंत वाहनं किती वेळात येतात ते कळेल. रामकुंडाकडच्या रस्त्यांवर मात्र या डब्यांवर भिस्त ठेवू नये. तिथे माणसं पायी असतात, इयरफोन आणि घड्याळं अंगावर असतात, आणि गर्दीत ताशी चार किलोमीटरने चालणारा भाविक आणि कोंडीत तितक्याच वेगाने सरकणारी गाडी डब्याला सारखीच दिसते.

म्हणून पुढची फेरी मिश्र ठेवली आहे. डबे तिथेच राहतील. त्याच वेळी द्वारका आणि बिटकोला दोन-दोन विद्यार्थी सकाळी व संध्याकाळी गर्दीच्या तासात फक्त दुचाकींच्या प्लेटचे शेवटचे चार आकडे मोबाइलवर बोलून नोंदवतील, आणि बसचा वेळ एक जण सिटीलिंकमध्ये बसून टिपेल. जोड्या लागल्या की प्लेटचे आकडेही त्याच रात्री पुसायचे. मोटार, रिक्षा, दुचाकी आणि बस यांचे चार वेगळे तक्ते निघतील आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. काकांनी डबा ठेवायला पुन्हा होकार दिला आहे. निकाल आला की तक्त्याची एक प्रत दुकानात लावायची, एवढी त्यांची अट आहे.